पान सात, परदेश

रात्री साडेअकराला तार येते
(तार म्हणायची सवय, येतं ते संगणकावरच):
सकाळी राष्ट्राध्यक्ष म्हणाले, जहाजं निघाली.
दुपारी सल्लागार म्हणाले, निघाली म्हणजे निघू शकतात.
संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष म्हणाले,
कोण सल्लागार?

मला यातून अकरा सेंटिमीटर मराठी काढायचं असतं.
"खुलासा" लिहू, की "सारवासारव"?
"घूमजाव" मथळ्यात नेमकं बसतं, पण संपादक म्हणतात,
हलगेकर, ती महासत्ता आहे, आपण गणपत गल्लीत आहोत,
जरा बेतानं.

"सर्व पर्याय टेबलावर आहेत."
हे वाक्य तेवीस वर्षांत निदान चाळीसदा लिहिलंय मी.
माझ्या टेबलावर गोंदाची बाटली, वाळलेली,
फुटपट्टी, कुंद्याचा रिकामा पुडा,
आणि खाली घडी घातलेला कागद,
कारण एक पाय आखूड आहे.
त्यांच्या टेबलाचा कुठला पाय आखूड असेल,
त्याखाली कुणाचा देश घडी करून सारला असेल,
हे तारेत येत नाही.

फोन वाजतो. उद्यमबागेतून अष्टेकर, साचेवाला.
"काय गा, कर वाढवला म्हणतंय की ते?
व्हॉल्व्हचे साचे तयार हाईत माझे. भट्टी पेटवू का नको?"
वाढवला, म्हणतो मी. मग थांबवला. आता म्हणे विचार चालू आहे.
"इचार कोण करतंय?"
सल्लागार.
"मग त्येलाच इचार की."

माझे वडीलही कुणाचे तरी सल्लागार होते.
हुद्दा नव्हता. मफलर होता, आणि निळ्या शाईचं पेन.
भाऊंची सगळी भाषणं आमच्या स्वैपाकघरात झाली,
आई भाकरी थापायची त्या ठेक्यावर.
सभेत वडील मागे, चपलांच्या ढिगापाशी.
त्यांचे ओठ पुढचं वाक्य
भाऊंच्या अर्धा क्षण आधी म्हणायचे.
मी बघितलंय ते, कठड्यावर बसून.

एकदा नकाशा पसरून म्हणाले,
ही सीमेची रेघ जाड वाटते ना तुला?
सल्ला देणाऱ्याची पेन्सिल बोथट होती, एवढंच.
तिच्या जाडीत तुझ्या आत्याची विहीर आहे.
आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली,
तरीच पाणी कमी पडतंय.

मग बेंगळुरूहून कुणी येऊन गेलं, मुंबईहूनही.
भाऊंनी शब्द फिरवला.
फिरवलेलं भाषणही वडिलांनीच लिहिलं,
एका बैठकीत, चूल थंड असताना.
पंधरा दिवसांनी लोक चिडले, तेव्हा भाऊ माईकवर म्हणाले,
काही लोकांनी माझा गैरसमज करून दिला होता.
काही लोक त्या दिवशी लवकर घरी आले.
आई म्हणाली, आज उजेडी कसे?
"घरच्यांना वेळ द्यायचाय,"
आणि कधी नव्हे ते शेंगा फोडायला बसले.

पावणेएक. नवी ओळ:
सल्लागारांचा राजीनामा. कारण, कुटुंबाला वेळ देणं.
सोबत फोटो. माणूस हिरवळीवरून चाललाय,
हातात पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यातून
कुठल्याशा रोपाचं एक पान बाहेर आलेलं.
राष्ट्राध्यक्ष चौकटीत नाहीत.
कडेला सावली आहे ती त्यांची असावी,
किंवा झाडाची.

या माणसाच्या वाक्यांनी कुठे काय काय जळलं
ते मीच छापलंय, याच पानावर.
दया यायचं कारण नाही.
"पायउतार" लिहितो, खोडतो, तो शब्द खुर्चीवाल्यांचा.
"हकालपट्टी"ला पुरावा लागतो.
शेवटी टाकतो: सल्लागार घरी परतले.

पान लावणारा बसू कलादगी मान वळवतो,
"सर, ही काय बातमी हाय?"
एक कॉलम दे, म्हणतो. तळाला. फोटो मात्र कापू नको,
ते रोपाचं पान राहू दे.

अष्टेकरला उलट फोन करायचा राहूनच गेला.
जिन्याच्या खिडकीतून उद्यमबागेच्या अंगाला
आभाळ तांबूस दिसतंय.
पेटवली वाटतं त्यानं.